मुंबईची आकाशरेषा (वरून दिसणारी)

मुंबई या बंदराच्या शहरातले मनोरे, घुमट, धुराडी, पूल आणि उंच इमारती मिळून आभाळाला जी कड तयार होते ती आकाशरेषा. तसं पाहिलं तर हा शब्द बोटीतून किंवा समोरून बघणाऱ्याचा, वरून बघितलं की उंची चपटी होते आणि आकार अन् सावल्या तेवढ्या उरतात, म्हणून या नोंदीत मीटर कमी आणि आकार जास्त. आपल्याकडं विदर्भात, खेड्यात आकाशरेषा कोणी म्हणत नाही, "मुंबईच्या बिल्डिंगी" म्हणतात, तेच हे.

नागपूरहून निघालेलं विमान समुद्राचा वारा असला की मुंबईत पूर्वेकडून उतरतं. आधी ठाण्याची खाडी, मिठागरं, मग घाटकोपर-कुर्ला आणि लगेच धावपट्टी. डावीकडं विंडो सीट असेल तर ट्रॉम्बेचा डोंगर, वीज केंद्राची धुराडी, आणि हवा साफ असली तर पार दक्षिणेला परळ-वरळीच्या टॉवरांचा घोळका दिसतो. कोराडी नाहीतर चंद्रपूरचं वीज केंद्र रोज बघणाऱ्याला धुराड्याचं काही नवल नाही, त्याची मान टॉवरांकडं वळते.

ही रेषा सुरू कधी झाली यावर दोन मतं आहेत. एक मत राजाबाई टॉवरपासून, म्हणजे मुंबई विद्यापीठातल्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून (१८७८) मोजतं. दुसरं मत गिरण्यांच्या धुराड्यांपासून, म्हणजे ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी १८५६च्या सुमारास चालू झाली तिथून. दुसरं जास्त पटण्यासारखं आहे, कारण धुराडं हे पण बांधलेलंच असतं आणि हिंगणघाट-पुलगावकडं गावाची खूण म्हणून आजही माणूस आधी धुराडंच दाखवतो. पण पुस्तकात फोटो टॉवरचे येतात, धुराड्यांचे नाही.

राजाबाई टॉवर साधारण ८५ मीटर, आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, जो मुंबईत कधी आलाच नाही. पैसा कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचा, आईचं नाव टॉवरला. आई जैन, दिवस मावळायच्या आत जेवायची, आणि दिसत नसल्यामुळं घंटेवरून वेळ कळावी म्हणून मनोरा बांधला ही गोष्ट सांगतात ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. आता वऱ्हाडात एक दावा नेहमी ऐकू येतो की राजाबाई आपल्या कापसावर उभी आहे. अर्धं बरोबर. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस बंद झाला, इकडं भाव भडकला आणि त्या तेजीतच प्रेमचंदांनी १८६४ला देणगी दिली, पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, बाजार कोसळला आणि ते स्वतःही बुडाले. पण रेल्वे नागपूरला पोचली १८६७ला आणि खामगावचा फाटा झाला १८७०ला, म्हणजे तेजी ओसरल्यावर. तेव्हा त्या पैशात गुजरातच्या कापसाचा वाटा मोठा धरावा, वऱ्हाडचा माल बैलगाडीनं जेवढा गेला तेवढा. मुंबईच्या पुढच्या वाढीत मात्र आपली गाठ नक्की आहे.

याहून जास्त घोळ कॉटन ग्रीन या नावाचा. गावात विचारलं तर "काहून बा, ते बिल्डिंग हिरवी आहे म्हणून नं?" असंच उत्तर येते, आणि तिथली कॉटन एक्स्चेंजची इमारत खरंच हिरवी आहे. पण ग्रीन म्हणजे मोकळं मैदान हा जुना अर्थ. कापसाच्या गाठी आधी फोर्टात टाउन हॉलसमोरच्या मैदानात पडायच्या (तिथंच पुढं आजचं हॉर्निमन सर्कल झालं), १८४४ला बाजार कुलाब्याला नेला, तिथल्या जागेलाही कॉटन ग्रीनच म्हणत, आणि विसाव्या शतकात माझगाव-शिवडीकडं समुद्रात भराव टाकून गोदामं झाली तेव्हा बाजारासोबत नाव पण तिकडं गेलं. म्हणजे नाव इमारतीपेक्षा जुनं, रंग मागून आलेला दिसतो. काळबादेवीला पण एक कॉटन एक्स्चेंज आहे, ती वेगळी, दोन्हींची गल्लत करू नये. वरून बघताना इथं मनोरा वगैरे काही नाही, बुटक्या गोदामांच्या लांब रांगा आणि बाजूनं रेल्वेचे रूळ. एका गाठीत १७० किलो रुई असते. आणि एक गंमत, आपला भाव क्विंटलवर, तोही सरकीसकट कापसाचा, मुंबईचा भाव अजून खंडीवर, म्हणजे ३५६ किलो सरकी काढलेल्या रुईचा, त्यामुळं पेपरातला आकडा वाचून पुष्कळ जण हुरळतात.

बाकी ठळक खुणा माहितीच्याच आहेत. सीएसएमटी स्टेशनचा घुमट (वास्तुकार स्टीव्हन्स, १८७८ ते १८८८, जागतिक वारसा २००४), विदर्भ एक्सप्रेसनं उतरणारा माणूस त्याच्याखालून जातो पण बघतो बाहेर आल्यावर, तेही मागं वळला तर. त्याच स्टीव्हन्सची समोरची महापालिकेची इमारत १८९३ची. ताज १९०३चं, जमशेटजी टाटांचं, ज्यांनी त्याआधी १८७७ला नागपुरात एम्प्रेस मिल काढली. गेटवे १९२४चं, साधारण २६ मीटर, वरून अगदी काडेपेटीएवढं. वरून सगळ्यात सोपं ओळखू येतं ते महालक्ष्मीच्या रेसकोर्सचं अंडाकृती मैदान, मरीन ड्राइव्हचा वाक आणि गोदीचा चौकोन (अलेक्झांड्रा डॉक, १९१४; प्रिन्सेस १८८० आणि व्हिक्टोरिया १८८८ आता बुजवलेले).

१९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, धुराडी पडली आणि त्याच जमिनींवर टॉवर आले. श्रीनिवास मिलच्या जागेवरचा वर्ल्ड वन २८० मीटरचा. नंतरचे याहून उंच पण आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९चा, अटल सेतू २०२४चा, जवळपास २२ किलोमीटर, वरून खाडीवर दोरी ताणल्यासारखा.

विमान खाली येता येता शेवटी दिसतात त्या वस्त्यांच्या छपरांवरच्या निळ्या ताडपत्र्या, पावसाळ्यात तर जिकडंतिकडं. अवकाळी आला की जिनातल्या (सरकी काढायच्या कारखान्यातल्या) कापसाच्या गंजीवर आपल्याकडं हीच टाकतात.