आशियाई शिंपला

मृदुकाय संघाच्या द्विपुट वर्गातील, गोड्या पाण्यात राहणारा लहान शिंपला. शास्त्रीय नाव कॉर्बिक्युला फ्लुमिनिया. मूळस्थान पूर्व व आग्नेय आशिया. उत्तर अमेरिकेत १९२४ मध्ये व्हँकूव्हर बेटावर त्याची रिकामी कवचे मिळाली. जिवंत प्राणी १९३८ मध्ये कोलंबिया नदीत सापडले. चिनी स्थलांतरितांनी तो खाण्यासाठी नेला असावा, असा तर्क आहे. यूरोपात १९८० च्या सुमारास फ्रान्स व पोर्तुगालमधील नद्यांत त्याची नोंद झाली.

कवच जाड, गोलसर त्रिकोणी, बहुधा २ ते ३ सेंमी. लांब, रंग पिवळसर ते काळपट, पृष्ठावर एककेंद्री उठावदार कंगोरे. खात्रीची खूण बिजागरीत असते: प्रत्येक पुटात (कवचाच्या अर्ध्या भागात) मधोमध तीन दात व दोन्ही बाजूंना लांबट, बारीक दातेरी कडेचे दात. स्फीरिइडी कुलातील शिंपल्यांचे बाजूचे दात गुळगुळीत व कवच पातळ असते. यूनिओनिडी कुलातील शिंपले बरेच मोठे होतात व त्यांच्या कवचाला आतून मौक्तिक थर असतो.

जातिनिश्चिती मात्र वादग्रस्त आहे. डॅनिश निसर्गशास्त्रज्ञ म्यूलर यांनी १७७४ मध्ये चीनमधील फ्लुमिनिया व युफ्रेटीस नदीतील फ्लुमिनॅलिस या जाती वेगळ्या वर्णिल्या. यूरोपातील एका आक्रमक (परक्या प्रदेशात पसरणाऱ्या) रूपाला पुढे फ्लुमिनॅलिस म्हटले गेले. ते बहुधा योग्य नाही. आक्रमक रूपे उभयलिंगी असून त्यांच्यात अंड्यातील मातेची गुणसूत्रे बाहेर टाकली जातात. संततीचे केंद्रक (गुणसूत्रे असलेला पेशीचा भाग) पित्याचे, तर मायटोकाँड्रिया (स्वतःचा वेगळा डीएनए असलेले पेशीतील ऊर्जाघटक) मातेचे. एका रूपाचा शुक्राणू दुसऱ्याच्या अंड्यात शिरला, तर केंद्रक एका वंशाचे व मायटोकाँड्रिया दुसऱ्या वंशाचे, असा प्राणी निपजतो. केवळ मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून केलेली ओळख म्हणूनच फसवी ठरते. जातिनामांऐवजी अमेरिकेत ए, बी, सी व यूरोपात आर, एस ही रूपनामे वापरणे अधिक सुरक्षित. त्यांपैकी ए व आर एकाच वंशाची दिसतात.

यूनिओनिडी शिंपल्यांच्या डिंभांना (अळ्यांना) माशांच्या अंगावर वाढावे लागते. आशियाई शिंपल्याची पिले मातेच्या कल्ल्यांतच वाढून थेट तळाशी उतरतात, त्यामुळे त्याची संख्या झपाट्याने वाढते. तो पाण्यातील शैवले गाळून व गाळातील सेंद्रिय कण खाऊन स्थानिक जातींच्या अन्नात वाटेकरी होतो. उन्हाळ्यात तो सामुदायिकरीत्या मेला की कुजण्यातून सुटणारा अमोनिया स्थानिक शिंपल्यांच्या पिलांना घातक ठरतो. तथापि धरणे व प्रदूषण यांमुळे स्थानिक शिंपले आधीच विरळ झालेल्या जागी तो शिरतो, हे मतही दुर्लक्षिण्याजोगे नाही.

भारतात कॉर्बिक्युला स्ट्रायटेला ही स्थानिक जाती आहे; दातेरी दातांवरून येथे फक्त प्रजाती (कॉर्बिक्युला हा गट) ठरते, परकेपण नव्हे.