पर्यावरणीय पुरातत्त्व

प्राचीन माणूस आणि त्याच्या भोवतीची जमीन, पाणी, वनस्पती व प्राणी यांचे परस्परसंबंध उत्खननातील अवशेषांवरून उलगडणारी पुरातत्त्वविद्येची शाखा. जळालेले धान्य, परागकण, कोळसा, हाडे, शिंपले आणि मातीचे थर ही तिची मुख्य साधने होत. भारतात पर्जन्यमापनाच्या नोंदी फार तर दोन-अडीच शतकांच्या आहेत, शेती मात्र हजारो वर्षांची आहे. त्यामुळे अवर्षण, जमिनीची धूप आणि पीकबदल यांचे अनेक पिढ्यांवर झालेले परिणाम पाहायचे असतील, तर या साधनांकडेच वळावे लागते.

धान्याचे दाणे मिळवण्याची रीत साधी, पण चिकाटीची आहे. चुलीतील किंवा बळदातील (धान्य साठवण्याच्या जागेतील) माती पाण्यात कालवली की जळून हलके झालेले दाणे वर तरंगतात. ते बारीक जाळीच्या चाळणीत धरून सावलीत वाळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. कोळसा झालेला दाणा कुजत नाही, म्हणून तीन हजार वर्षांनंतरही जव आणि गहू वेगळे सांगता येतात.

महाराष्ट्रात या अभ्यासाचे सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील, घोड नदीकाठचे इनामगाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात येथे उत्खनन केले. इ. स. पू. सुमारे 1600 ते 700 या काळातील या ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची व दगडाची हत्यारे वापरणाऱ्या) वस्तीचे लोक जव, गहू, मसूर, कुळीथ पिकवत. पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी बांध घातला होता आणि पाट खोदला होता. पर्जन्यछायेच्या पट्ट्यात गहू घ्यायचा, तर पाणी राखावेच लागते, हे त्यांना पक्के ठाऊक असले पाहिजे. इ. स. पू. 1000 नंतर मात्र शेतीची पीछेहाट झाली, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि पशुपालन व शिकार यांवरची भिस्त वाढली.

पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी या ऱ्हासाचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले. प्राचीन मानवी सांगाड्यांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शूग यांनी पुढे तेथील लहान मुलांचे सांगाडे तपासले. उत्तरकालीन मुलांची वाढ खुंटलेली त्यांना आढळली. तथापि सारा दोष हवामानाला देणे त्यांनी नाकारले. हा वाद आजच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण पाऊस कमी होणे आणि त्यामुळे गाव उठणे यांच्यामध्ये पिकांची निवड, पाण्याची वाटणी आणि साठवण असे माणसाचे निर्णय असतात. उसाखाली आलेल्या याच खोऱ्यात पीकरचना ठरवताना केवळ गेल्या काही दशकांच्या सरासरीवर विसंबणे अपुरे आहे.

गवताळ माळांच्या पुनरुज्जीवनातही ही शाखा उपयोगी पडते. मूळचा माळ समजून घेतल्याशिवाय तेथे झाडे लावली, तर माळावरच्याच जिवांचे नुकसान होऊ शकते. जुने परागकण व प्राण्यांची हाडे तेथे पूर्वी काय होते ते सांगतात. पुरावा मात्र झपाट्याने नष्ट होत आहे. जुन्या पांढरीची (ओसाड पडलेल्या वस्तीच्या जागेची) राखट माती खत म्हणून शेतात नेली जाते, टेकाडे सपाट केली जातात, आणि एकदा थर विस्कटले की त्यांतील दाण्याचा काळ ठरवणे दुरापास्त होते.