महार वतन कसे सुटले : १९२७ ते १९५९ ची पार्श्वभूमी

महार वतन म्हणजे गावाची आणि सरकारची पिढीजात चाकरी आणि तिच्या बदल्यात मिळणारी जमीन. कायद्याने ते संपले १ ऑगस्ट १९५९ रोजी. माणसांनी ते सोडायला सुरुवात केली त्याच्या तीस-बत्तीस वर्षे आधी, आणि तेव्हा त्यांच्या पाठीशी कुठलाही कायदा नव्हता. हा क्रम पुष्कळदा उलटा सांगितला जातो. सरकारने वेठ बंद केली म्हणून समाज मोकळा झाला आणि मग शिकला, असे ऐकायला मिळते. घडले ते वेगळे. थोडे शिकलेले लोक, गिरणीत आणि गोदीत राबणारे त्यांचे भाऊ आणि मेलेले ढोर ओढायला नकार देणारी गावाकडची घरे, यांनी वतन आतून खिळखिळे केले. कायदा सर्वांत शेवटी आला.

वतन कुठल्या राजवटीत सुरू झाले, त्याबरोबर सांगितले जाणारे महारांचे बावन्न हक्क कुणी दिले, यावर बरेच लिहिले गेले आहे. वतन कसे सुटले हे कळण्यासाठी त्याहून महत्त्वाचा आहे १८७४ चा वतन कायदा. गावाची रूढी म्हणून चाललेल्या चाकरीला त्याने मुंबई इलाख्यात सरकारी सक्तीचे रूप दिले. जमिनीचा सारा तालुक्याला पोचवणे, साहेब गावात आला की त्याच्या दिमतीला राहणे, शिवेची राखण, निरोप, सांगावे, मयताची खबर, शिवाय गावकीची असंख्य कामे. वेळ ठरलेली नाही, कामाची यादी ठरलेली नाही. मोबदला म्हणजे हाडकी-हाडोळ्याचा, म्हणजे वतनी जमिनीचा तुकडा, खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुते आणि महिन्याला काही आणे. बलुते देणे गावाच्या मर्जीवर, काम मात्र सरकारच्या हुकमावर. वतनदार घरी नसेल तर त्याच्या बापाने, भावाने किंवा पोराने उभे राहायचे. नोकरीला एकजण बांधलेला नसे, सगळे घर बांधलेले असे. घरातला मुलगा शाळेत टिकत नसे त्याचे हे मोठे कारण होते, आणि शाळागळतीच्या चर्चेत ते फार क्वचित येते.

शिक्षणाची वाट त्याआधीच किलकिली झाली होती. पुण्यात महार-मांगांसाठी निघालेल्या शाळेत शिकणाऱ्या एका मांग मुलीचा आपल्या लोकांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये छापून आला. पुढच्याच वर्षी धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला दारातून परत पाठवले. पलटणीत शिपायांच्या मुलांना शिकावेच लागे, म्हणून पेन्शनरांच्या घरांतून वाचणारी पहिली पिढी तयार झाली. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती थांबली आणि ती वाटही बुजली.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन रद्द करून जमिनी रयतावा, म्हणजे नेहमीचा सारा भरून स्वतःच्या नावे, करून दिल्या. ते करता येते हे तिथे दिसले होते. शेजारच्या ब्रिटिश मुलखाला तेच करायला ४१ वर्षे लागली.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेने पाण्याचा हक्क बजावला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिषदेत मृतमांस सोडा, मेलेली जनावरे ओढू नका, मुलांना शाळेत घाला, हेही सांगितले गेले. पाण्याच्या लढ्याइतकीच ही गोष्ट गावोगाव पसरली आणि तिची किंमत रोजच्या भाकरीत मोजावी लागली. ज्या गावात महारांनी ढोर ओढणे बंद केले तिथे बलुते बंद झाले, दुकानदाराने मीठ-मिरची देणे थांबवले, शेतावरची मजुरी गेली, गुरांना रान बंद झाले. सरकारने नेमलेल्या एका समितीने १९३० च्या अहवालात या बहिष्काराची सविस्तर नोंद केली आहे. तरी लोक मागे हटले नाहीत. स्वाभिमान हा शब्द आज भाषणात सहज येतो; तेव्हा तो पाळताना चूल विझत असे.

वादाचा खरा मुद्दा महाडच्या पुढच्या वर्षीचा आहे. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या कायद्याची दुरुस्ती मांडली. आज ती वाचताना नवल वाटते ते तिच्या सौम्यपणाचे. वतन एका झटक्यात बंद करा, अशी मागणी तिच्यात नव्हती. ज्याला चाकरी नको असेल त्याला ती सोडता यावी आणि पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवता यावी. बलुत्याचे रोख करात रूपांतर व्हावे आणि तो कर सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून नोकरांना द्यावा, म्हणजे खळ्यावर हात पसरावे लागणार नाहीत. कामे कोणती ते नियमाने ठरावे.

एवढ्यालाही विरोध झाला. सरकारला पगारी नोकर ठेवण्याचा खर्च नको होता. शेकडो वर्षांची फुकट चाकरी मोडली तर महसूल खात्याचे गाडे चालणार कसे, ही त्याची काळजी. गावच्या वरिष्ठ वतनदारांना बलुत्याचा कर होणे मान्य नव्हते, कारण बलुते अडवून धरणे हेच तर त्यांच्या हातातले हत्यार. महत्त्वाचे म्हणजे समाजातही सगळ्यांना हे पटलेले नव्हते. वतन गेले तर जमीन जाईल, येसकराची, म्हणजे गावच्या राखणदाराची, काठी जाईल, गावात उरलेले एवढेसे स्थान जाईल, ही भीती खरी होती. तिला अज्ञान म्हणून झटकणे अन्यायाचे आहे. जमिनीचा तो तुकडा हीच अनेक घरांची एकमेव मालमत्ता होती. तरीही माझ्या मते सोडा म्हणणारेच बरोबर होते. त्या तुकड्याच्या बदल्यात गाव सगळ्या घराचा दिवस आणि रात्र मागत होते, आणि त्यात मुलांची शाळाही जात होती.

विधेयक निवड समितीकडे गेले आणि जुलै १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले. याला पराभव म्हणणारे आहेत. पण पुढची सगळी मांडणी याच विधेयकाच्या चर्चेतून उभी राहिली. १९३७ मध्ये त्यांनी नवे विधेयक आणले आणि आता मागणी दुरुस्तीची नव्हती, वतन रद्दच करण्याची होती. १९३९ मध्ये हरेगावला महार, मांग आणि वेठियांची (वेठ करणाऱ्यांची) परिषद भरली. वतनी जमिनींवरची जुडी, म्हणजे सवलतीचा सारा, वाढवली गेली तेव्हा १९४१ मध्ये सिन्नरला तिच्याविरुद्ध परिषद झाली.

ही हिंमत चालवायला पैसा लागे, तो मुंबईतून येई. गिरण्या, रेल्वे, गोदी, नगरपालिका. तिथेही बरोबरी नव्हती. कापडखात्यात पगार जास्त, पण अस्पृश्यांना तिथे मज्जाव, कारण तुटलेला धागा ओढून घ्यायला मागावरच्या धोट्याला तोंड लावावे लागे आणि ते उष्टे इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपात ही बंदी उठवण्याची मागणी पुढे आली. कमी पगाराच्या खात्यात राबून, चाळीच्या एका खोलीत दहा-बारा जणांनी राहून त्या माणसांनी गावी मनिऑर्डरी पाठवल्या. ज्या घरात मनिऑर्डर येई त्या घराला बलुत्यासाठी खळ्यावर उभे राहण्याची गरज उरत नसे.

दुसरा आधार वसतिगृहांचा. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापूरला एक काढले. शाळेइतकेच वसतिगृह का गरजेचे होते, हे वतन समजले की कळते. मुलगा गावात राहिला तर चावडीवरून बोलावणे येणारच. १९४५ नंतर याच वाटेने मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले.

१९५० मध्ये परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा झाला. महार वतन ज्यांत मोडते त्या कनिष्ठ ग्रामवतनांचा कायदा यायला १९५८ उजाडले. त्याआधी ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात धर्मांतर झाले होते आणि गावकीची कामे नाकारणे हा लाखो घरांचा रोजचा व्यवहार बनला होता. १९५९ मध्ये शासनाने जे रद्द केले त्यातले बरेचसे लोकांनी आधीच टाकून दिलेले होते.

जमिनीचे मात्र भिजत घोंगडे राहिले. कायद्याने जमिनी आधी सरकारजमा झाल्या आणि मग पूर्ण आकाराच्या (साऱ्याच्या) तिपटीपर्यंत कब्जेहक्काची किंमत भरून मूळ वतनदाराला परत मिळण्याची तरतूद झाली. ती भरायलाही मुदत होती. खबर न मिळाल्याने किंवा हाती पैसा नसल्याने ज्यांची मुदत हुकली त्यांची जमीन सरकारच्या नावे राहिली. परत मिळालेली जमीन नव्या शर्तीची : जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि ठरलेली रक्कम भरल्याशिवाय विकता येत नाही, सरस-निरस, म्हणजे प्रत्यक्ष जमीन कसानुसार विभागून, वाटणीही करता येत नाही. ही अट कुलकर्णी वतनांनाही होती, हे सांगायला हवे. फरक इतकाच की इथे तुकडे लहान आणि वारस अनेक. सातबाऱ्यावर इनाम वर्ग ६-ब (अशा कनिष्ठ वतनांचा वर्ग) खाली नावांची लांबच लांब रांग, त्यातले बरेच जण शिकून शहरात गेलेले. शहरालगतच्या गावांत अशा जमिनींवर कुलमुखत्यारपत्राने झालेले व्यवहार आज तंट्यात अडकलेले आहेत, त्याचे मूळ या शर्तीत आणि त्या हुकलेल्या मुदतीत आहे.