ऑटोफोकस आणि आरंभीचे डिजिटल एसएलआर कॅमेरे

भिंग पुढेमागे सरकवून विषय सुस्पष्ट करण्याचे काम छायाचित्रकाराऐवजी संवेदक व मोटर यांच्यावर सोपवणाऱ्या यंत्रणेस ऑटोफोकस म्हणतात. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला असा पहिला कॅमेरा, कोनिका सी३५ एएफ (१९७७), एसएलआर, म्हणजे भिंगातूनच आलेले दृश्य आरशाच्या साहाय्याने दाखवणारा कॅमेरा, नव्हता. पेंटॅक्स एमई-एफ (१९८१) एसएलआर होता, पण त्याची मोटर आणि बॅटऱ्या एका बोजड भिंगात कोंबलेल्या होत्या. संवेदक व मोटर दोन्ही कॅमेऱ्याच्या अंगात बसवणारा मिनोल्टा ७००० हा १९८५ मध्ये आला आणि बटण अर्धे दाबले की काम झाले, ही सवय तेथून रुजली. कॅननने १९८७ मध्ये ईओएस मालिका आणताना मोटर भिंगात ठेवली व जोडणी पूर्णपणे विद्युत केली. परिणामी ग्राहकांची जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्याला बसेनात.

या कॅमेऱ्यांत मुख्य आरशामागील छोटा आरसा काही प्रकाश तळाच्या संवेदकाकडे वळवतो. भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमांमधील अंतरावरून भिंग कोणत्या दिशेला आणि किती सरकवायचे हे ठरते. मात्र सुरुवातीचा एकच आडवा संवेदक केवळ उभ्या रेषा ओळखू शके. हर्णैच्या बंदरात उभे राहून रिकाम्या क्षितिजावर तो रोखला, तर भिंग घरघरत पुढेमागे जाई. कॅमेरा थोडा तिरका धरला किंवा नांगरलेल्या होडीच्या डोलकाठीवर नेला, की क्षणात स्थिरावे. पुढे उभ्याआडव्या रेषा एकत्र वाचणारे संवेदक आले आणि ही अडचण बरीच कमी झाली.

गंमत अशी, की १९९१ चा पहिला व्यावसायिक डिजिटल एसएलआर, कोडॅक डीसीएस, निकॉन एफ३ वर बेतलेला होता आणि त्याचा फोकस हातानेच करावा लागे. त्याची क्षमता १.३ मेगापिक्सेल होती आणि चित्रे साठवणारे यंत्र खांद्याला वेगळे अडकवावे लागे. निकॉन डी१ (१९९९) वृत्तछायाचित्रकारांच्या हाती गेला. हौशी माणसाच्या आवाक्यात मात्र ६.३ मेगापिक्सेलचा कॅनन ईओएस ३००डी (२००३) आला, कारण अमेरिकेत त्याची किंमत हजार डॉलरपेक्षा कमी होती.

३००डी मध्ये सात फोकसबिंदू (चौकटीतील जेथे फोकस साधता येई अशा जागा) होते, पण स्थिर विषय कोणता आणि हलता कोणता, हे बहुतेक वेळा कॅमेराच ठरवी. नवख्याला हे सोयीचे, जाणत्याला जाचक. सिंधुदुर्गातील देवळापुढे रात्री रंगणारा दशावतार टिपताना हे विशेष जाणवे. मंद उजेडात सोबतच्या साध्या भिंगाला फोकस सापडत नसे आणि मदतीला कॅमेऱ्याचा फ्लॅश लुकलुकू लागे, त्याने प्रेक्षकांचे डोळे दिपत. कॅमेऱ्याच्या पाठच्या पडद्यावर लगेच पाहावे, तर तो जेमतेम १.८ इंचांचा, दशावतारातील संकासुराचा मुखवटा तेथे रेखीव दिसे आणि घरी संगणकावर मोठा केला, की रंगमंचामागच्या कापडी पडद्याच्या चुण्या स्पष्ट, मुखवटा पुसट. म्हणून अशा प्रयोगांत भिंगावरील कळ ‘एमएफ’वर (मॅन्युअल फोकस) सरकवून, रंगमंचाच्या कडेवर आधीच हाताने फोकस करून ठेवणे अधिक भरवशाचे ठरे.