कंपनी सरकार आणि मिशनरी : एका समजाचा खुलासा

ख्रिस्ती मिशनरींना ईस्ट इंडिया कंपनीनेच भारतात आणले, असे आपल्याकडे वर्षानुवर्षे सांगितले जाते; प्रत्यक्षात 1813 पर्यंत कंपनीचे धोरण नेमके उलटे होते. धर्मप्रचारामुळे प्रजा बिथरेल आणि व्यापाराला धक्का बसेल, या भीतीने कंपनी आपल्या मुलखात मिशनरींना थारा देत नसे. म्हणूनच इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांना 1800 मध्ये बंगालमधल्या, डॅनिश अमलाखालील श्रीरामपूरचा आसरा घ्यावा लागला. गंमत अशी, की त्याच कॅरींना कंपनीने पुढे कलकत्त्यात आपल्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणाऱ्या फोर्ट विल्यम कॉलेजात अध्यापक नेमले आणि 1805 मध्ये त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले.

मुंबईचे उदाहरण अधिक बोलके आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी 1813 मध्ये येथे उतरले, तेव्हा त्यांना परत पाठवण्याचा हुकूम कलकत्त्याहून निघाला होता. त्या वेळी ब्रिटन व अमेरिका यांच्यात युद्ध चालू असल्याने संशयात भरच पडली. गव्हर्नर इव्हान नेपियन यांच्या सहानुभूतीमुळे ते अखेर राहू शकले. याच मिशनने 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली.

गैरसमजाला थोडा आधार आहे, हेही नमूद केले पाहिजे. कंपनीच्या पगारावर पाद्री असत, पण त्यांचे काम प्रामुख्याने युरोपियनांची उपासना चालवण्याचे होते. शिवाय ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीला दिलेल्या 1813 च्या सनदेने मिशनरींना परवान्याची वाट खुली केली आणि 1833 नंतर परवान्याची अटही उरली नाही. मात्र ख्रिस्ती धर्मच कंपनीबरोबर आला, असे नाही; वसईच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास तर पोर्तुगीज काळातला, म्हणजे सोळाव्या शतकापासूनचा आहे.