तसबीर (पौराणिक छापील चित्रे)

देवादिकांचे किंवा पुराणातील प्रसंगाचे, काचेच्या चौकटीत बसवलेले छापील चित्र म्हणजे तसबीर. रामपंचायतन, शेषशायी, गंगावतरण, कालियामर्दन, दत्त हे कोकणातील ओटी-माजघरांत नेहमी दिसणारे विषय. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी हाताने रंगवलेल्या पोथीचे एकेक पान दाखवत कथा सांगतात. तसबिरीला निवेदक नसतो, त्यामुळे सगळी कथा एकाच क्षणात बसवावी लागते. गंगावतरणात शंकर कमरेवर हात ठेवून पाय रोवून उभा दिसतो. पुढे काय होणार, ते पाहणाऱ्याला ठाऊक असते.

जुन्या तसबिरी शिळाछापाच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ मध्ये निघाला, तर चित्रकार राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. चुनखडीच्या घासून सपाट केलेल्या शिळेवर तेलकट खडूने वा शाईने चित्र उलटे काढतात. मग डिंक व सौम्य नायट्रिक आम्ल लावतात. शिळा ओली ठेवून रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट रेघांनाच धरते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागते आणि तोच कागद पुन्हापुन्हा दाबाखाली जातो. मधल्या काळात दमट हवेने कागद जरा जरी ताणला तर जुळणी चुकते, ओठांचा लाल रंग हनुवटीकडे सरकतो.

भिंगातून पाहिल्यास शिळाछापात वेडेवाकडे, खडूसारखे कण दिसतात. ऑफसेटमध्ये, म्हणजे नंतरच्या यंत्रछपाईत, ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. काही चित्रांवर जरी-टिकल्या चिकटवून देवांना वस्त्रे नेसवलेली असतात. ती सुंदर दिसतात, पण खळीवर कसर लवकर येते.

कोकणात तसबिरीचा खरा शत्रू पावसाळा. चिऱ्याची भिंत ओल धरते, नैऋत्येची तर सर्वांत जास्त. चौकट भिंतीला टेकलेली असली की पाठीमागची ओल कागदात शिरते, तपकिरी डाग पडतात, बुरशी धरते आणि चित्र काचेला चिकटते. म्हणून चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून अर्ध्या इंचाचे लाकडी ठोकळे लावावेत. काच व चित्र यांच्यामध्ये चारी कडांनी जाड पुठ्ठ्याची पट्टी घालावी. मागच्या फळीच्या फटी कागदाने बंद कराव्यात, नाहीतर धूळ व किडे तिथूनच आत येतात. समई थेट खाली नसावी, काजळी वर चढते. हळदकुंकू काचेवर लावावे, कागदावर नव्हे. ओले फडके फिरवल्यास पाणी कडेने आत उतरते.

काचेला चिकटलेले चित्र ओढून काढू नये. रंगाचा थर काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. अशी तसबीर काचेसकट कोरड्या जागी ठेवून कागद-संवर्धकाकडेच द्यावी.