नदीत गप्पी-गंबुशिया सोडू नका

नदी स्वच्छतेच्या मोहिमेत कुणीतरी हमखास पिशवीभर गप्पी किंवा गंबुशिया मासे घेऊन येतं. ‘डासांच्या अळ्या खातात, सोडून देऊ!’ भावना चांगली, पण समज चुकीचा.

मुळात डास वाहत्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना साचलेलं पाणी लागतं. डेंग्यू पसरवणारा एडिस तर घराजवळच्या टाक्या, टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या शोधतो. म्हणजे नदीत मासे सोडून त्याला काडीचाही फरक पडत नाही.

फरक पडतो तो इतरांना. गंबुशिया मूळचा उत्तर अमेरिकेतला, जेमतेम बोटाएवढा, पण खादाड. बेडकांची अंडी, कोवळे भैरे (बेडकांची पिल्लं), स्थानिक माशांची पिल्लं, सगळं फस्त करतो. मोठ्या माशांचे पर कुरतडतो. अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देतो, त्यामुळे संख्या भराभर वाढते. जगातल्या 100 सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे, ते उगाच नाही. गप्पी त्याचाच भाऊबंद.

अळ्या खायला नदीत आधीच कोण आहे, ते काठच्या गवतात जाळी फिरवून पाहा. पांढऱ्या ताटलीत पाणी ओतलं की चतुराची मातकट पिल्लं दिसतील. दुमडलेला खालचा ओठ हातासारखा झपकन पुढे फेकून ती भक्ष्य पकडतात. (पहिल्यांदा पाहणारा हमखास दचकतो.) त्यांना काठची झुडपं, गवत लागतं. तेच आपण ‘स्वच्छता’ म्हणून उपटतो!

आणलेले मासे? नदीत नको, विक्रेत्याकडे परत.